आठ वर्षं उभ्या अॅम्बॅसिडरला कोणतं ऑइल घालावं?

कराडजवळच्या एका गावातून हा प्रश्न आलाय. आजोबांची १९७२ सालची मार्क टू अॅम्बॅसिडर, पेट्रोल, गेली आठ वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. आता नातवाला ती चालू करायची आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, २०डब्ल्यू-४० टाकू, सगळ्याच गाड्यांना तेच टाकतो. पुण्याहून आलेल्या भावानं ५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिकचा महागडा डबा आणून ठेवलाय. आणि व्हॉट्सअॅपवर कुणीतरी सांगितलंय की जुन्या इंजिनाला झिंकचं औषध घातल्याशिवाय आजचं कुठलंच ऑइल चालत नाही. यातलं खरं कुणाचं, आणि ऑइल घरी बदलायचं तर कसं?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली चौतीस वर्षं इंजिनांचं काम करतोय. त्यातली निम्मी तरी अॅम्बॅसिडर आणि फियाटच्या चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली, उताणं पडून गेली. थोडक्यात उत्तर हवं असेल तर मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं साधं, २०डब्ल्यू-५० घाला, पेट्रोल गाडीचं, खात्रीच्या दुकानातून. मिस्त्रीचं निम्मं बरोबर आहे. भावाचा डबा भावाच्याच गाडीला वापरू दे. झिंकचं औषध विकत घेऊ नका. पण डब्यावरच्या आकड्यापेक्षा तुमच्या गाडीच्या बाबतीत मोठी गोष्ट ती आठ वर्षं आहेत. जुन्या गाडीचं ऑइल चालून जितकं मरत नाही तितकं उभं राहून मरतं.

सगळ्यात आधी बॉनेट उघडून खात्री करा की आत मूळचंच इंजिन आहे. कितीतरी अॅम्बॅसिडरांच्या पोटात मधल्या काळात भलतंच डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. नव्वदीनंतरच्या गाड्यांत आयसुझूचं १८०० सीसी इंजिन यायचं, तेही वेगळं. मी पुढं जे लिहितोय ते १४८९ सीसीच्या इंजिनाबद्दल. हे इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज. आपली अॅम्बॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीची बहीण, आणि एमजीए नावाची जी छोटी स्पोर्ट्स गाडी साहेब लोक चालवायचे तिच्यातही याच घराण्यातलं १४८९ सीसी इंजिन होतं. साधं, जाड लोखंडाचं, माफ करणारं इंजिन. ते वाईट ऑइलवरही वर्षानुवर्षं चालतं. ऑइलच नसेल तर मात्र पाच मिनिटांत बसतं.

आता आकडे. तुम्ही गुऱ्हाळावर काकवी ओतताना पाहिली असेल. गरम असते तेव्हा पाण्यासारखी धावते, थंड झाली की चमच्यालाच चिकटून बसते. ऑइलचं तेच. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. २०डब्ल्यूची थंडीतली एक परीक्षा उणे १५ अंशांना घेतात. कराडला जानेवारीत पहाटे कितीही काकडलं तरी आपण त्या परीक्षेच्या आसपासही जात नाही. त्यामुळे आपल्याकडे ५डब्ल्यू, ०डब्ल्यू यांचा फायदा कागदावरच राहतो. आपल्या कामाचा आकडा दुसरा. १०० अंशांना ३० नंबरच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतो, ४० नंबरचा १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९. म्हणजे ३० आणि ५० यांत जवळजवळ दुपटीचा फरक.

हा फरक का महत्त्वाचा? क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकून फिरत नाही, ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये नव्यानंच एक ते अडीच थाउ जागा ठेवलेली असायची. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पन्नास वर्षांनी ती किती झाली असेल ते क्रँक मोजल्याशिवाय कळत नाही, पण कमी नक्कीच झालेली नाही. त्या फटीतून पातळ ऑइल भरभर निसटतं, ऑइलचा पंप पुरा पडत नाही, आणि तापलेलं इंजिन आयडलिंगला आलं की प्रेशर कोसळतं. आजच्या गाडीच्या फटी बारीक, पंप वेगळा, तिथं ५डब्ल्यू-३० चोख काम करतं. भावानं वाईट ऑइल आणलेलं नाही, फक्त ते दुसऱ्या इंजिनाचं आहे.

मग जुन्या हँडबुकात एसएई ३० कसं लिहिलेलं असतं, असं कुणी विचारेल. ते पुस्तक सिंगल ग्रेडच्या, म्हणजे एकाच आकड्याच्या ऑइलच्या, जमान्यातलं, आणि इंग्लंडच्या हवेतून आलेलं. मल्टिग्रेड रुळल्यावर खुद्द इंग्लंडातही या घराण्यातल्या इंजिनांना लोक २०डब्ल्यू-५०च घालू लागले.

मिस्त्रीचं २०डब्ल्यू-४० चूक नाही. इंजिन नुकतंच बांधलेलं असेल, बोअरिंग, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं नवी असतील, तर मीही तेच घालतो. आपल्या देशात २०डब्ल्यू-४० हा ग्रेड कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही मिळतो हा त्याचा मोठा गुण. फक्त डबा मोटरसायकलचा नाही ना, ते बघा. बाइकच्या ऑइलनं इंजिन बिघडणार नाही, पण ते ओल्या, म्हणजे ऑइलातच बुडून चालणाऱ्या, क्लचचा विचार करून बनवलेलं असतं. तुमच्या गाडीचा क्लच कोरडा. ज्या गोष्टीची गरज नाही तिचे पैसे कशाला द्या?

अडीअडचणीला ट्रॅक्टरच्या दुकानातलं १५डब्ल्यू-४० सीआय-४ डिझेल ऑइलही चालतं. मी स्वतः दोन वेळा प्रवासात घातलंय. गाडी ऑइल पीत असेल तर मात्र नको. डिझेल ऑइलात मळ धुणारी रसायनं जास्त असतात आणि ती जळली की प्लगवर पांढरी राख धरते.

झिंकच्या भानगडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या भीतीवर बरंच औषध खपतं. ऑइलात झेडडीडीपी नावाचं एक रसायन असतं, त्यात जस्त आणि फॉस्फरस. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा, आणि तो ज्याला ढकलतो तो टॅपेट. कॅम जिथं टॅपेटवर घासतो तिथं हे रसायन पातळ थर धरतं आणि धातूला धातू लागू देत नाही. तुमच्या इंजिनातले टॅपेट सपाट तळाचे, घासत चालणारे. म्हणजे झिंक लागतं हे खरं. पुढं गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि फॉस्फरसनं ते कन्व्हर्टर निकामी होतात म्हणून ऑइलातलं फॉस्फरस कमी करत आणलं. इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. ऑइलचे वर्ग ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएम, एसएन या वर्गांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची जी कडक मर्यादा आहे ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० यांना ती लागू नाही. शिवाय झिंकची बोंब मुख्यतः अमेरिकेतून आली, तिथल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांना रेसिंगच्या कडक स्प्रिंगा बसवणाऱ्या मंडळींकडून. अॅम्बॅसिडरच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा त्यांच्यापुढे मऊच. चौतीस वर्षांत मी झिजलेले कॅम भरपूर पाहिले. त्यातले बहुतेक कधीच वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनांतले होते. झिंकअभावी गेला असं छातीठोकपणे म्हणता येईल असा एकही आठवत नाही. वरून ओतायच्या बाटल्यांचं प्रमाण चुकलं तर ऑइलात मुळात जुळवलेला मेळच बिघडतो, म्हणून मी त्या वापरत नाही.

डब्यावर एपीआयच्या गोलात दोन अक्षरं असतात. एस म्हणजे पेट्रोल, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका वर्ग नवा. एसएफ १९८० सालचा, एसएन २०१०चा. जुन्या गाडीला जुनाच वर्ग हवा असं काही नाही. ग्रेड योग्य असेल तर नवा वर्ग खुशाल घ्या, मळ धुण्यात तो सरसच असतो.

ब्रँडवरून माझ्याशी वाद घालायला लोक दुकानात येऊन बसतात. सर्वो असो, मॅक असो, एचपी असो, कॅस्ट्रॉल असो, माझ्या लेखी सगळी सारखी. फरक पडतो तो डबा खरा आहे की भरलेला यानं. रिकामे डबे गोळा करून त्यात कसलंही तेल भरून विकणारे आहेत. म्हणून पेट्रोल पंपावरून किंवा वितरकाकडून घ्या, सील नीट बघा, बिल घ्या. आणि स्वतःचा रिकामा डबा टाकताना त्याला स्क्रूड्रायव्हरनं दोन भोकं पाडून मगच टाका. माझ्याकडे हे काम पोराटोरांच्या आवडीचं आहे.

आता तुमच्या गाडीचं प्रत्यक्ष काम. पुस्तकात लिहिलेलं असतं की इंजिन गरम करा आणि मग ऑइल काढा. नेहमीच्या बदलाला ते बरोबर आहे, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणली की मळ ऑइलात तरंगत असतो आणि सगळा वाहून येतो. तुमच्या गाडीला नेमकं उलटं करायचं. ती चालू करायचीच नाही. आठ पावसाळे काढलेल्या चेंबरात पाणी साठलेलं असणार. हवेतली ओल रोज रात्री आतल्या लोखंडावर दव धरते, ते थेंब खाली उतरतात, आणि पाणी ऑइलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं. ऑइल पंपाची जाळीही तळाशीच. स्टार्टर मारलात तर पहिला घोट बेअरिंगला पाण्याचा जाईल.

तर गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. अॅम्बॅसिडर उंच असल्यानं बारीक अंगाचा माणूस जॅक न लावताही खाली जातो. जॅक लावलाच तर घोडी, म्हणजे गाडी पेलणारा स्टँड, लावल्याशिवाय खाली सरकायचं नाही, यात सवलत नाही. खाली जुनी घमेली ठेवा, पसरट आणि निदान पाच लिटर मावेल अशी. चेंबरचा नट रिंग पान्यानंच सोडवा. फिक्स पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. नट ढिला झाला की हातानं सावकाश फिरवत या आणि शेवटचा आटा राहिला की थांबा. पहिल्या धारेकडे लक्ष द्या. आधी पाणी येईल, कधी गंजाच्या रंगाचं, मग ताकासारखं काहीतरी, मग काळं ऑइल. ही धार वेगळ्या पारदर्शक बाटलीत धरली तर नंतर मोजता येतं.

पेला-अर्धा पेला पाणी निघालं तर घाबरू नका, उभ्या गाडीत निघतं. लिटरभर निघालं आणि रेडिएटर अर्धा रिकामा सापडला, तर प्रकरण ओलीचं नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, गेलंय किंवा कुठंतरी चीर आहे. मग ऑइलचा विचार बाजूला ठेवा आणि हेड उतरवा.

नटाच्या आतल्या टोकाला जे चिकटलं असेल ते पांढऱ्या फडक्यावर पुसून उन्हात धरा. बारीक काळी भुकटी चालते. अभ्रकासारखे चमकणारे कण दिसले तर ती बेअरिंगची धातू. तांबूस झाक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला थर उघडा पडलाय. माझे वस्ताद तर ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल अंगठा आणि बोटामध्ये चोळायचे, डोळे मिटून, मग नाकाशी न्यायचे. कचकच लागली तर धूळ, पेट्रोलचा वास आला तर पंप. ज्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला बसवलेला, कॅमवर चालणारा असतो, तिथं डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ चेंबरात उतरतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुनी रबरं लवकर जातात, त्यामुळे गाडी चालू केल्यावर पहिले काही आठवडे हा वास घेत राहा. पट्टीवर ऑइल आपोआप वाढत असेल तर तो चमत्कार नसतो.

नटाखालचा तांब्याचा वॉशर टाकू नका. गॅसवर लाल होईपर्यंत धरा आणि पाण्यात बुडवा, तांबं पुन्हा मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं. लोखंडाचं उलटं असतं, ते कडक होतं. हा फरक मला आयटीआयमध्ये शिकवला होता, पण पटला तो पहिला वॉशर स्वतः भाजल्यावर.

आता फिल्टर, आणि इथं माझी स्वतःची चूक सांगतो. या इंजिनाचा जुना फिल्टर आजच्यासारखा डबाच फिरवून बसवायचा नसतो. धातूची वाटी, मधून लांब बोल्ट, आत कागदाचा एलिमेंट, त्याखाली वॉशर, सील आणि स्प्रिंग. वाटीची कड वर एका खाचेत बसते आणि त्या खाचेत रबरी रिंग असते. ही रिंग पन्नास वर्षांत लोखंडाच्या रंगाची आणि लोखंडाइतकीच कडक होते. खाचेत बसलेली असली की ती रिंग आहे हेच कळत नाही. धंद्यात पडून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी जुनी न काढता नवी तिच्यावर बसवली. उभ्या गाडीत, आयडलिंगला एक थेंब गळला नाही. गिऱ्हाईक रत्नागिरीला निघालं. मलकापूरच्या पुढं आंब्याचा चढ लागला, इंजिनानं प्रेशर धरलं, आणि रिंग बाहेर फेकली गेली. सगळं ऑइल रस्त्यावर. ड्रायव्हर जाणता होता, ऑइलचा दिवा लागताच त्यानं इंजिन बंद केलं, म्हणून क्रँक वाचला. मी एसटीनं ऑइलचा डबा आणि एक सुई घेऊन घाटात गेलो. तेव्हापासून फिल्टर काढला की मी खाच सुईनं कोरतो, बॅटरीचा उजेड पाडून बघतो, आणि बोट फिरवून पुन्हा बघतो. तुम्हीही तसंच करा. आतले वॉशर-स्प्रिंग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं फडक्यावर मांडून मोबाइलवर फोटो काढा. क्रम चुकला तर ऑइल एलिमेंटमधून न जाता बाजूनं जातं आणि वर्षभर कळत नाही.

पहिल्या भरतीला स्वस्त २०डब्ल्यू-४० घाला. हे धुण्याचं ऑइल, टिकवायचं नाही. साधारण चार लिटर बसतं, पण लिटरवर न जाता पट्टीवर जा. तीन ओता, पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा, मग थोडं थोडं.

डिझेल किंवा रॉकेल घालून फ्लशिंग करू नका. गावोगावी करतात, मला ठाऊक आहे. अर्धा लिटर तरी आत राहतंच, आणि सुटलेला गाळ जाऊन पंपाच्या जाळीला बसतो. गाळ फार आहे असं वाटलं, टॅपेट कव्हर उघडल्यावर आत काळा चीक दिसला, तर चेंबर उतरवून जाळी हातानं धुवा. त्याला दुसरा उपाय नाही. चेंबर बसवताना कॉर्कचं पॅकिंग नवं घ्या, आणि बोल्ट जोर लावून आवळू नका. पत्र्याची कड बोल्टापाशी आत वळते आणि दोन बोल्टांच्या मधून गळायला लागतं. वळलेली कड आधी सपाट लोखंडावर ठेवून हातोडीनं सरळ करून घ्या.

इंजिन चालू करण्याआधी चारी प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर ऑइल सोडा आणि गाडी एक रात्र तशीच ठेवा. रिंगा चिकटलेल्या असतील तर सुटायला वेळ लागतो. सकाळी इग्निशन बंद असल्याची खात्री करून पुढून हँडल घालून हळूहळू फिरवा. अॅम्बॅसिडरचं हँडल मारणारी पिढी आता संपत आली, म्हणून सांगतो: अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, चारी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलट झटका दिला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे, मनगट मोडता कामा नये. अडलं तर जोर करू नका, आणखी एक दिवस थांबा. मोकळं फिरायला लागलं की प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरवर दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये मिनिटभर थांबा. प्लग नसल्यानं बेअरिंगवर भार नसतो, आणि रिकामा झालेला पंप तेवढ्यात ऑइल ओढून घेतो. ऑइल प्रेशरच्या मीटरचा काटा हलला किंवा दिवा विझला की मगच प्लग बसवा. चार-पाच वेळा करूनही प्रेशर येत नसेल तर गाडी चालू करायची नाही. पंपात ऑइल भरून द्यावं लागेल, ते मिस्त्रीला करू द्या.

चालू झाली की वीसेक मिनिटं चालवा, चढाला नको. आणि आता गरम असतानाच हे ऑइल काढून टाका. मग नवा एलिमेंट आणि तुमचं २०डब्ल्यू-५०. पुढचा बदल ५०० किलोमीटरला. तोवर आतला जुना गाळ सुटत राहतो, ऑइल पटकन काळं होतं. काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही. मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम, तो इंजिनाला चिकटण्यापेक्षा ऑइलात असलेला बरा. खात्री करायची तर टिपकागदावर पट्टीचा एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. मधोमध काळा डाग आणि बाहेर सावकाश फिकट होत गेलेलं वर्तुळ, म्हणजे ऑइल अजून जिवंत आहे. मध्येच गच्च काळा गोळा आणि कडेला स्वच्छ पारदर्शक तेल, म्हणजे त्यानं मळ सोडून दिलाय. बदला.

गळतीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण महिन्याभरात विचाराल. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सीलच नाही. तिथं क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात. क्रँक फिरतो तेव्हा ते आटे ऑइल आत परत ढकलतात, गाडी थांबली की ढकलणारं कुणी नसतं. म्हणून चढावर नाक वर करून लावलेल्या अॅम्बॅसिडरखाली सकाळी रुपयाएवढा डाग असतोच. तेवढा सोसावा. क्लचच्या घराच्या तळाला एक भोक असतं, ते ऑइल बाहेर पडावं म्हणूनच आहे. एका गाडीत ते भोक कुणीतरी एम-सील लावून बुजवलेलं मला सापडलं. डाग थांबला होता खरा, आणि क्लच प्लेट ऑइलात न्हाली होती. गळती एकदम वाढली तर आधी बघा, पट्टीच्या वरच्या खुणेच्या वर तर भरलेलं नाही? आणि इंजिनाचा श्वास घ्यायचा पाइप तुंबलाय का?

धुराचंही असंच. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबला, किंवा घाटउताराला पाय सोडून पुन्हा दाबल्यावर आला, तर व्हॉल्व्ह गाइड. चढाला जोर लावताना सतत येत असेल तर रिंगा. हजार-दीड हजार किलोमीटरला लिटर ऑइल पीत असेल तर वरून भरत चालवा, पाचशेला लिटर लागत असेल तर हाफ इंजिनाची, म्हणजे इंजिन उघडून रिंगा-बेअरिंगं बदलायची, तयारी ठेवा. आणखी दाट ऑइल घालून धूर दाबायला जाऊ नका, कुणी सुचवेलच.

पुढं दरवर्षी ऑइल कधी बदलायचं? किलोमीटरचा हिशेब तीन हजार, पण तुमची गाडी वर्षाला तेवढी फिरणार नाही. म्हणून मी माझ्या जुन्या गाडीवाल्यांना नवरात्र ठरवून दिलंय. पावसाळ्याची ओल ऑइलात उतरलेली असते, ती घेऊन गाडी हिवाळाभर उभी ठेवायची नाही. खंडेनवमीच्या आधी ऑइल-फिल्टर, मग दसऱ्याला हार. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर काढा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट. इंजिन तापत नाही, आणि जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखं पिवळट काहीतरी दिसलं तर ते त्याचंच. लांब फेरीनंतर ते गेलं तर विसरा, परत परत येत असेल आणि रेडिएटरचं पाणी उतरत असेल तर हेडकडे बघा.

निघालेलं आठ-नऊ लिटर जळकं ऑइल ओढ्यात किंवा उकिरड्यावर जाऊ देऊ नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागायला येतील, गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी लावा असंही कुणी सांगेल. गुरं खांब चाटतात, तिथं अजिबात नको. डब्यात भरून कराडमधल्या एखाद्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्या, त्यांच्याकडून ते पुनर्शुद्धीकरणाला जातं. पाणी मिसळलेलं ऑइल वेगळ्या डब्यात.

नट उघडलात की पहिली धार बाटलीत धरून किती पाणी निघालं तेवढं मला कळवा. रेडिएटरची पातळीही बघून ठेवा. ते कळेपर्यंत २०डब्ल्यू-५०चा डबा विकत घेऊ नका.